हुमणीचे प्राध्यापक

अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणाची 'हे डॉक्टर' अशी ओळख करून दिली, की पाच मिनिटांत त्याच्यापुढे दोन गुडघे, एक पाठ आणि कुणाच्या तरी सासूबाईंच्या रक्तदाबाचा कागद येतो. किडेमास्तर गुडघ्याकडे सभ्यपणे बघतात. बघता बघता त्यांची नजर खाली उतरते, चपलेला चिकटलेल्या गवताच्या काडीवर थांबते आणि ते विचारतात, "तुमच्या अंगणातलं का हे? मुळं खाल्लेली दिसतायत." हा डॉक्टर आपल्या कामाचा नाही, हे गुडघेवाल्याच्या तेव्हा ध्यानात येतं. पण आठवड्याभरात त्याच माणसाचा फोन येतो. अंगणातलं गवत नुसतं हाताने ओढलं तरी सबंध पापुद्रा निघून येतोय, काय करू? त्या दिवसापासून तो मास्तरांना 'डॉक्टरसाहेब' म्हणू लागतो.

ओहायो नदीच्या खोऱ्यातल्या एका विद्यापीठाच्या गावी मास्तर कीटकशास्त्र शिकवतात. ही जात जगात कुठेही ओळखू येते. मोटार थांबली की इतर लोक दार उघडतात, हा आधी पुढच्या काचेवर काय चिरडलंय ते बघतो. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर बाकीच्यांना खिडकीतला समुद्र दिसतो, याला गादीची शिवण. लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात आणि हा मांडवातल्या दिव्याकडे. फुलांचा गुच्छ हातात दिला तर 'किती सुंदर' म्हणण्याआधी तो उलटा करून पानांची खालची बाजू तपासतो, कारण किडीचा सगळा संसार पानाखाली असतो. मास्तरांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असतं आणि शर्टाच्या खिशात झाकणाच्या दोन-तीन काचनळ्या. विमानतळावरच्या तपासणीत या नळ्यांपायी त्यांची बायको इतक्या वेळा ताटकळलीय, की हल्ली वहिनी रांगेत त्यांच्यापासून चार माणसं सोडून उभ्या राहतात.

त्यांच्या विषयाचं नाव लँडस्केप एंटोमॉलॉजी. म्हणजे बंगल्यापुढची हिरवळ, रस्त्याकडेची झाडं, गोल्फची मैदानं, चर्चच्या आवारातले गुलाब. थोडक्यात, जे बाजारात जात नाही, ताटात येत नाही आणि गोठ्यातही जात नाही, अशा हिरवाईवर पडणारी कीड. आणि त्याच हिरवाईवर येणाऱ्या मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं. एकाच पगारात निम्मे किडे मारायचे आणि निम्मे जगवायचे, अशी ही नोकरी आहे. कुठला किडा कुठल्या निम्म्यात बसवायचा, हे ठरवताना किड्याचं मत घेत नाहीत.

मास्तर मूळचे वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातले. त्या भागात हुमणी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मे-जूनमध्ये वळवाचे दोन दमदार पाऊस झाले, की संध्याकाळी जमिनीतून तांबूस-तपकिरी भुंगेरे निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर जाऊन बसतात. तिथे पाला खायचा, जोडी जमवायची आणि मादीने परत जमिनीत जाऊन अंडी घालायची. त्यातून निघालेली पांढरी, अर्धवट वळून पडलेली अळी म्हणजे हुमणी. ती उसाची मुळं खात सुटते. गणपती-नवरात्राच्या सुमारास हिरवा ऊस बघता बघता पिवळा पडतो आणि बेट हाताला येतं. म्हणून पावसाच्या त्या रात्री सगळी वस्ती कंदील आणि आकड्या घेऊन झाडाखाली. फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. इतर पोरं वेचून बादलीत टाकत. आमचा नायक वेचून मोजत बसे. कडुनिंबावर किती, बाभळीवर किती, नर किती, माद्या किती. पहाटे सगळ्यांच्या बादल्या भरलेल्या आणि याची वही. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तेव्हाच शेजाऱ्याला सांगितलं होतं म्हणे, "ह्ये काय शेती करायचं न्हाई. ह्येला शिकवावं लागंल."

शिकला. कृषी महाविद्यालय झालं, पदव्युत्तर शिक्षण झालं आणि पीएच.डी.साठी अमेरिकेत प्रवेशही मिळाला. तिथून पहिला फोन आला तेव्हा आबांनी विचारलं, "कशाचा अभ्यास देत्यात रं तिथं?"

"हुमणीचा, आबा."

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मग आबा म्हणाले, "मग तिकीट काढून कशाला गेलास? हितं काय कमी हाय व्हय?"

हुमणी तिथेही आहे, हे आबांना पुढे दाखवायचं होतं. तिथली हुमणी जपानी भुंगेऱ्याची. हा हिरव्या-तांब्या रंगाचा चकचकीत भुंगेरा १९१६ साली न्यू जर्सीतल्या रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेत पहिल्यांदा सापडला. बहुधा रोपांच्या मुळांच्या मातीतून आला. मातृभूमीत त्याला आवरणारे शत्रू होते, इथे कुणी नव्हतं. शिवाय खाणं तयार होतं. मोठा झाल्यावर तो गुलाबापासून द्राक्षापर्यंत तीनशेच्या आसपास जातींच्या झाडांची पानं चाळणी करतो. आणि लहानपणी, म्हणजे अळी असताना, त्याला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर गवताची मुळं. गवताच्या बाबतीत या देशाइतका उदार यजमान जगात नाही. उपग्रहाची छायाचित्रं वापरून २००५ साली छापून आलेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेत हिरवळीखाली सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर जमीन आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. पाणी देऊन पिकवलेलं एकही पीक तिथे एवढ्या जमिनीवर नाही.

आबा एकदा उन्हाळ्यात लेकाकडे आले, तेव्हा हा आकडा मास्तरांनी त्यांना मोठ्या कौतुकाने ऐकवला. आबांनी शेतकऱ्याचा पहिला प्रश्न विचारला.

"जनावरं किती पाळत्यात?"

"एकही नाही."

"मग एवढ्या वैरणीचं काय करत्यात?"

"कापतात आणि पिशवीत भरून कचऱ्यात देतात."

आबा ओसरीवर खुर्ची टाकून समोरच्या घराकडे बघत बसले. शेजारी गवताला खत घालत होता. दुसऱ्या दिवशी त्याने पाणी सोडलं. शनिवारी यंत्रावर बसून ते सगळं कापलं. सोमवारी पाठीवर पंप अडकवून कसलंतरी औषध मारलं. आबांना पंपाच्या वासावरून औषध कळलं. "टू-फोर-डी हाय की ह्ये. आमी उसातल्या तणावर मारतो. ह्यो कशावर मारतोय?" मास्तर म्हणाले, "त्या पांढऱ्या फुलाच्या तीन पानांच्या रोपावर. क्लोव्हर. आपल्या बरसीमच्या गणातलं." मग आबा जे म्हणाले ते मास्तर आजही वर्गात पहिल्या तासाला सांगतात. "म्हंजे घास मारायचा आन् गवत वाढवायचं? घासानं जमिनीला नत्र मिळतं, त्ये मारून वर युरिया टाकायचा? पोरा, ह्या मानसाला कर्ज हाय काय डोक्यावर?"

आबांना ठाऊक नव्हतं, पण अमेरिकेचा हिरवळीचा इतिहास त्यांनी एका दमात सांगून टाकला होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी गवताच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळत. ते नसलं तर मिश्रण हलकं मानत. १९४५ च्या सुमारास टू-फोर-डी बाजारात आलं. रुंद पानांचं मरायचं, गवत उरायचं. क्लोव्हर रुंद पानांचं, तेही मरायचं. औषध बदलता येईना, तेव्हा क्लोव्हरची वर्गवारी बदलली. कालचं बियाणं आजचं तण झालं.

त्याच मुक्कामात मास्तर आबांना गोल्फच्या मैदानावर घेऊन गेले. मैदानाचा व्यवस्थापक हिरवळीतले पिवळे चट्टे दाखवत 'सर, सर' करत मागे फिरत होता. रात्री रकूननी येऊन अळ्यांच्या लोभाने गवत उकरून ठेवलं होतं. आबांनी पायाच्या अंगठ्याने माती सारली, वाकून एक अळी उचलली, तळहातावर घेतली आणि हरवलेलं माणूस भेटल्यासारखे म्हणाले, "ही तर आपलीच!" मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. आपली नाही, पण एकाच कुळातली, जपानकडची चुलत बहीण. ही ओळख पटवायची रीतही न्यारी आहे. हुमणीचे चेहरे सगळे सारखेच, म्हणून शास्त्रज्ञ तिला उलटी करतात आणि पार्श्वभागावरचे केस बघतात. जपानी भुंगेऱ्याच्या अळीच्या तिथे केसांचं इंग्रजी 'व्ही' अक्षर उमटलेलं असतं. आबांनी भिंगातून ते अक्षर पाहिलं, अळी व्यवस्थापकाच्या हातात दिली आणि परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "माझं हिनं बुडीवलं आन् तुझं भागीवलं. चालायचंच."

मास्तरांच्या कारकिर्दीचा यापेक्षा नेमका आढावा विद्यापीठाच्या कुठल्याही समितीला घेता आला नाही. समित्यांनी मात्र प्रयत्न केले. अमेरिकन प्राध्यापकाला पाच-सहा वर्षं तात्पुरतं ठेवून मग कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवतात. या काळात निबंध छापायचे, अनुदानं आणायची आणि भांडायचं कुणाशीच नाही. मास्तरांच्या खात्यात बोंडअळीवाले, सोयाबीनवाले, मलेरियाचे डासवाले होते. त्यांच्या किड्यांनी उपासमार व्हायची, माणसं मरायची. मास्तरांच्या किड्याने फार तर एखाद्या दंतवैद्याच्या अंगणाची शोभा जायची. चहाच्या वेळी सोयाबीनवाले त्यांना 'आमचे माळीबुवा' म्हणत. पण गंमत अशी, की सोयाबीनच्या शेतकऱ्याच्या खिशात पैसे नसत आणि दंतवैद्याच्या असत. गोल्फवाले, हिरवळवाले आणि औषधकंपन्या प्रयोगांना पैसे देत. गवताचे वाफे आखायचे, अमुक औषध अमुक मात्रेत टाकायचं, महिन्याने एक चौरस फूट माती उकरून अळ्या मोजायच्या. कंदिलाच्या उजेडातली वही इथे कामाला आली. मास्तर कायम झाले.

हे ऐकून कुणाला हा फार मोठा हुद्दा वाटू नये म्हणून मास्तर सिकाडाचं उदाहरण देतात. त्यांच्या भागात सतरा वर्षांनी उगवणाऱ्या सिकाडांची एक प्रसिद्ध पिढी आहे. २००४ साली ती जमिनीतून वर आली आणि नंतर थेट २०२१ साली. "सतरा वर्षं जमिनीखाली अंधारात मुळं चोखत पडायचं, मग चार-पाच आठवडे वर येऊन जीव तोडून ओरडायचं, आणि संपलं. आमच्याकडे याला असोसिएट प्रोफेसर म्हणतात."

त्यांच्या दिवसाचा मोठा भाग मात्र निबंधात जात नाही, तो फोनवर जातो. याला अमेरिकेतले तीन जुने कायदे कारणीभूत आहेत. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेतकी शिक्षणाची विद्यापीठं काढायला लावलं. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगक्षेत्रं जोडली. आणि १९१४ च्या स्मिथ-लेव्हर कायद्याने ठरवलं, की विद्यापीठाला कळलेलं सगळं ज्ञान गावोगाव लोकांच्या दारात पोचवायचं. आपल्याकडची पंतनगरपासून राहुरीपर्यंतची कृषी विद्यापीठं याच साच्यातून निघाली. तिसऱ्या कायद्यामुळे मास्तरांचं जेवण रोज थंड होतं. कारण कुठल्याही नागरिकाला त्यांना फोन करून 'माझ्या गुलाबावर काहीतरी आहे' असं सांगायचा हक्क आहे. 'काहीतरी'चा रंग विचारला तर उत्तर येतं, 'किड्यासारखा'.

त्यांच्या सल्ल्यातला सगळ्यात गाजलेला सल्ला जपानी भुंगेऱ्याच्या सापळ्यासंबंधीचा. फुलाचा वास आणि मादीचा गंध भरलेली ही पिवळी पिशवी दुकानात मिळते. लोक हौसेने अंगणात टांगतात, संध्याकाळी ती भुंगेऱ्यांनी भरलेली बघून कृतार्थ होतात आणि सकाळी गुलाबाला पान उरलेलं नसतं. सापळा जितके पकडतो त्याहून जास्त भुंगेऱ्यांना आमंत्रण देतो, हे केंटकीतल्या प्रयोगांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलंय. मास्तर ऐकून घेतात आणि गंभीरपणे विचारतात, "शेजाऱ्याशी संबंध कसे आहेत?" चांगले नाहीत म्हटलं, तर म्हणतात, "मग सापळा त्याला भेट द्या."

मारणाऱ्या निम्म्यातले मास्तर जगवणाऱ्या निम्म्यात गेले, त्याला एक घटना कारण झाली. जून २०१३ मध्ये ओरेगन राज्यातल्या विल्सनव्हिल गावी एका दुकानाच्या वाहनतळावर लिंडेनची ५५ झाडं फुलावर होती. झाडांवर मावा पडला होता. मावा पडला की पानांवरून चिकटा गळतो आणि खाली लावलेल्या मोटारी चिकट होतात. मोटारी स्वच्छ राहाव्यात म्हणून ऐन फुलोऱ्यात डायनोटेफ्युरान नावाचं कीटकनाशक मारलं गेलं. वाहनतळावर पन्नास हजारांच्या वर बंबलबी, म्हणजे ते केसाळ गुबगुबीत भुंगे, मरून पडले. त्यानंतर झाडांना जाळ्या गुंडाळायची वेळ आली. योगायोग असा, की तो राष्ट्रीय परागवाहक सप्ताह होता. पुढे ओरेगनने लिंडेनवर त्या वर्गातली औषधं वापरायला बंदी घातली.

मास्तर तोवर बरीच वर्षं अळ्या मोजता मोजता फावल्या वेळात क्लोव्हरवर येणाऱ्या माश्याही मोजत होते. ती वही कुणी मागितली नव्हती. अनुदानाच्या अर्जात त्यांनी एकदा 'हिरवळीतल्या तणावर येणाऱ्या माश्या' असं लिहिलं, तर अर्ज परत आला. विल्सनव्हिलनंतर तोच मजकूर 'नागरी भूभागातील परागवाहकांसाठी पुष्पसंसाधने' असा झाला आणि मंजूर झाला. वाफा तोच, क्लोव्हर तेच, वहीही तीच. ज्या कंपन्या आधी विचारत, 'आमच्या औषधाने किती मरतात?', त्या आता विचारू लागल्या, 'आमच्या औषधाने किती मरत नाहीत?' मास्तर दोन्ही आकडे एकाच तक्त्यात द्यायला लागले. सोयाबीनवाल्यांनी 'माळीबुवा' म्हणणं बंद केलं आणि एकत्र अर्ज करू या का, असं विचारलं.

या सगळ्यातून निघालेला मास्तरांचा आवडता निष्कर्ष अगदी साधा आहे. हुमणीसाठी हिरवळीवर औषध मारायचंच असेल, तर आधी गवत कापा. क्लोव्हरची फुलं उडतात, माश्या तिकडे फिरकत नाहीत, आणि नंतर येणाऱ्या नव्या फुलांत औषध फारसं उतरत नाही. हे केंटकीत बंबलबींवर प्रयोग करून सिद्ध झालेलं आहे. "आधी काप, मग मार. एवढ्यासाठी इतके कागद लागले," असं ते स्वतःच म्हणतात.

घरात मात्र जगवणाऱ्या निम्म्याचा पुरता विजय झालाय. वहिनींनी परसात शेपू लावला. तिथल्या काळ्या स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळीला शेपू, ओवा, बडीशेप या घराण्यावर वाढायला आवडतं. हिरव्या अंगावर काळे पट्टे आणि पिवळे ठिपके मिरवत त्या अळ्या शेपू फस्त करतात, आणि मास्तर खुर्ची टाकून बघत बसतात. जुडी तोडायची परवानगी नाही. त्या घरात उन्हाळ्यात शेपूची भाजी होत नाही, याचं मंडळातल्या बऱ्याच पाहुण्यांना मनातून बरं वाटतं. कुंपणाशी मिल्कवीडचं रान माजलंय, कारण मोनार्क फुलपाखराची अळी दुसरं काही खात नाही. हे मिल्कवीड म्हणजे शनिवारी मारुतीला वाहतात त्या रुईच्याच कुळातलं, आणि आपल्या रुईवर वाढणारं तांबडं-केशरी फुलपाखरू मोनार्कच्याच गणातलं. वहिनींनी एकदा सहज म्हटलं, "निदान मारुतीचा फोटो तरी लावा कुंपणाला, म्हणजे लोकांना वाटेल भक्तीने वाढवलंय." शीतपेटीत वरच्या कप्प्यात श्रीखंड आणि खालच्या कप्प्यात डब्यांवर तारखा घातलेले भुंगेरे असतात. पाहुण्यांनी मदतीला म्हणून शीतपेटी उघडू नये, असा त्या घरचा शिष्टाचार आहे.

सोसायटीच्या संघटनेकडून त्यांना दरवर्षी पत्र येतं, गवत वाढलंय म्हणून. 'मे महिन्यात गवत कापू नका' ही ब्रिटनमध्ये २०१९ साली सुरू झालेली मोहीम दुसऱ्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावी पोचली. तेव्हापासून शेजाऱ्यांना वाटतं, की मास्तर तिचे पुढारी आहेत. प्रत्यक्षात मास्तर तिच्याबद्दल सावध बोलतात. ॲपलटनवरचा एक गाजलेला निबंध नंतर मागे घ्यावा लागला, आणि त्या दिवशी मास्तरांना घरातलं कुणी गेल्याचं दुःख झालं. त्यांचा भर मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डच्या अंगणांत झालेल्या, २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासावर. तिथे दर आठवड्याला, दोन आठवड्यांनी आणि तीन आठवड्यांनी गवत कापून पाहिलं. माश्यांची संख्या सगळ्यात जास्त भरली ती दोन आठवड्यांच्या अंगणात. म्हणजे अगदी ऐदीपणा नको, पण एक शनिवार सोडून द्यावा. आळसाला संशोधनाचा आधार मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

शेजाऱ्याशी त्यांचा एकच मोठा वाद झालाय. शेजारी जपानी भुंगेऱ्यावर चिडून म्हणाला, "हे परदेशी इथे येतात आणि सगळं खातात." बोलल्यावर समोर कोण उभं आहे ते ध्यानात येऊन तो ओशाळला. मास्तर ओशाळले नाहीत, त्यांनी मोजायला सुरुवात केली. पायाखालचं केंटकी ब्लूग्रास केंटकीचं नाही, युरोपातलं. क्लोव्हर युरोपातलं, पिवळं डँडेलियन युरोपातलं. अनेक राज्यांनी राज्यकीटक म्हणून मिरवलेली मधमाशी १६२२ साली व्हर्जिनियात जहाजातून आली. शेजाऱ्याचे पणजोबा आयर्लंडचे. भुंगेरा जपानचा, प्राध्यापक वाळव्याचा. "या अंगणात मूळची अशी बहुतेक ती एकटीच," असं म्हणून त्यांनी जमिनीतल्या एका बारीक बिळाकडे बोट दाखवलं. उत्तर अमेरिकेत देशी मधमाश्यांच्या चार हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात, जमिनीत बीळ करतात, मध साठवत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नाही. शेजारी गुडघे टेकून बिळाकडे बघत राहिला. त्या शनिवारी त्याने यंत्र बाहेर काढलं नाही, असं वहिनी सांगतात. मास्तर म्हणतात, एका शनिवारावरून निष्कर्ष काढता येत नाही.

हे 'निष्कर्ष काढता येत नाही' त्यांच्या तोंडी कायम असतं, आणि लोकांना ते आवडत नाही. लोकांना औषधाचं नाव हवं असतं. मास्तर उलट प्रश्न विचारतात. झाड कुठलं, फुलावर आहे का, पानं किती खाल्लीत, गेल्या वर्षी काय झालं होतं? निम्म्या वेळा त्यांचा सल्ला 'काही करू नका' असा असतो. डॉक्टरने काही करू नका म्हटलं, की आपल्याकडे दुसरा डॉक्टर गाठतात. अमेरिकेतही गाठतात. दुसरा डॉक्टर म्हणजे बागकामाच्या दुकानातला पोरगा, आणि तो बाटली देतो.

तरी मला वाटतं, अशी माणसं प्रत्येक गावात एक तरी असावीत. आपण किड्याला उपद्रवी म्हणतो तेव्हा आपल्या अंगणाविषयी बोलत असतो, किड्याविषयी नव्हे. हे ज्याने बादली भरण्याऐवजी वही भरून शिकून घेतलंय, त्याचं थोडं ऐकायला हरकत नाही. मास्तरांचा नंबर मी इथे देणार नाही. पण ते प्रत्येकाला जे सांगतात ते फोन न करताही पाळता येण्याजोगं आहे. कीड दिसली तर आधी पान उलटं करून बघा. किडा कोण आहे ते कळल्याशिवाय बाटली उघडू नका. झाड फुलावर असेल तर मुळीच फवारू नका. आणि शेपू थोडा जास्त लावा.